कसोटीचे जाळे आणि आपले गाव



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले जाते, ते आपले सर मला आठवीपासून अकरावीपर्यंत पदार्थविज्ञान शिकवीत. पुढे मी मराठी साहित्याकडे वळलो आणि पोथ्या, प्रती, पाठभेद यांतच माझे आयुष्य गेले. त्यामुळे सरांच्या नावे होणाऱ्या व्याख्यानासाठी माझी निवड झाल्याचे कळले तेव्हा आनंदाइतकाच संकोचही वाटला. साहित्यावर बोललो तर सरांच्या विषयाशी प्रतारणा होईल आणि विज्ञानावर बोललो तर अनधिकार चेष्टा ठरेल, अशा पेचात मी होतो. त्या पेचातून मला सरांनीच सोडवले. त्यांच्या प्रयोगशाळेतील एक पाटी मला आठवली.

आपल्यापैकी साठी ओलांडलेल्यांनी ती पाहिली असेल. लाकडी फळीवर दोन लांब, बारीक तारा ताणलेल्या आणि त्या तारांच्या मध्ये ओळीने दहा छोटे दिवे. एका टोकाला सर बॅटरी जोडीत. पहिला दिवा लख्ख पेटे, दुसरा त्याहून किंचित कमी आणि दहावा जेमतेम लालसर. मग सर विचारीत, "शेवटच्या दिव्याचा काय अपराध?" आम्ही गप्प. त्यावर ते एक जाड तार घेऊन फळीच्या दुसऱ्या टोकाला जोडीत आणि शेवटचा दिवा उजळे. तास संपताना ते म्हणत, "ही पाटी म्हणजे उज्जैन नव्हे. पण उज्जैनमध्ये जे करून पाहता येत नाही, ते हिच्यावर करून पाहता येते."

या वाक्याचा अर्थ मला साठ वर्षांनी कळला. माझी नात विद्युत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिच्या प्रबंधात वीजवितरणाचे एक जाळे होते. एक उपकेंद्र धरून ३३ जोडबिंदू, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि प्रत्येक बिंदूवरचा भार. मी सहज विचारले, "हे तेहतीस बिंदू कुठल्या गावातले?" ती हसून म्हणाली, "कुठल्याच नाही, आजोबा. पण जगातले सगळे संशोधक याच गावात राहतात." त्या न-गावाविषयी, त्याच्या उपयोगाविषयी आणि त्याच्यापासून असणाऱ्या धोक्याविषयी आज चार गोष्टी सांगाव्या असे योजले आहे.

प्रथम मूळ विषय समजून घेऊ. दूरच्या वीजकेंद्रातून उच्च दाबाने आलेली वीज आपल्या भागातील ३३/११ किलोव्होल्टच्या उपकेंद्रात उतरते. तेथून ११ किलोव्होल्टच्या वाहिन्या, म्हणजे ज्यांना आपण फीडर म्हणतो, त्या निघतात. वाहिनीवर ठिकठिकाणी रोहित्रे असतात. खांबांवर चढवलेल्या त्या यंत्राला आपल्याकडे सगळे 'डीपी' म्हणतात. रोहित्रातून वीज घरगुती दाबाला उतरून गल्लीगल्लीत जाते. ही वाहिनी बहुधा झाडासारखी असते. बुंधा उपकेंद्रात, फांद्या वस्त्यांत आणि शेंड्याला शेवटचे घर किंवा शेवटची विहीर. शेंड्यापर्यंत जाताना तारेच्या रोधामुळे दाब घटतो आणि काही वीज उष्णता होऊन वाया जाते.

या वायफळाचे गणित साधे असले तरी त्याचे परिणाम कठोर आहेत. आपल्याकडच्या तारांना प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, रकून, डॉग अशी ती पाताळ ते जाड चढत जातात. वीझल तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम, तर रॅबिटचा सुमारे ०.५४ ओहम. समजा, १० किलोमीटर लांबीच्या वीझल तारेच्या टोकाला ५० अँपिअर प्रवाह हवा आहे. तीन तारांत मिळून सुमारे ६८ किलोवॉट वाटेतच जळून जातील. तीच तार रॅबिट असती तर सुमारे ४१. आणि वीझल तारेतूनच प्रवाह दुप्पट, म्हणजे १०० अँपिअर केला, तर हानी दुप्पट न होता चौपट होऊन २७० किलोवॉटच्या वर जाईल. सरांच्या फळीवरचा दहावा दिवा का मंदावतो आणि एकाच वेळी सगळ्यांनी पंप लावले की गावाच्या टोकाचे हाल का होतात, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या वर्गाच्या नियमात आहे.

आता कोणी म्हणेल, सुधारणा करायची तर प्रत्यक्ष वाहिनीवरच करून पाहावी. येथेच खरी अडचण आहे. वाहिनी जिवंत असते. तिच्यावर रुग्णालय आहे, पिठाची गिरणी आहे, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आहेत. मोठ्या जाळ्यावर तर एका चुकीची किंमत अपार. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दिवशी उत्तर भारतातील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याबरोबर पूर्व आणि ईशान्य विभागही गेले आणि सुमारे ६० कोटी लोक अंधारात सापडले. दोन्ही दिवशी घटनांची साखळी जिच्यापासून सुरू झाली ती ४०० किलोव्होल्टची बीना-ग्वाल्हेर वाहिनी आपल्याच प्रदेशातली. पश्चिम विभागाचे जाळे त्या दिवशी तगले. अशा गोष्टी 'करून पाहू' म्हणून करता येत नाहीत. म्हणून करून पाहण्यासाठी दुसरे जाळे लागते, जे तुटले तरी कोणाचा दिवा विझत नाही.

अशी जाळी प्रथम सरांच्या पाटीसारखीच लाकूड, तार आणि गुंडाळ्या यांची होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९२९ साली एका मोठ्या दालनात विद्युतजालाची लहान प्रतिकृती उभारण्यात आली. त्यात शेकडो मैलांची वाहिनी म्हणजे टेबलावरची एक पेटी असे. पुढे संगणक आला. १९५६ साली वॉर्ड आणि हेल या दोघांनी संगणकावर विद्युतप्रवाहाचे गणित सोडवण्याची रीत मांडली, तेव्हा उदाहरणादाखल सहा बिंदूंचे एक जाळे घेतले होते. त्यानंतर ज्याने त्याने नवी रीत काढली, त्याने ती त्याच सहा बिंदूंवर चालवून दाखवावी असा शिरस्ता पडू लागला.

मग जाळी मोठी झाली. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका वीज कंपनीचे फेब्रुवारी १९६२ मधील जाळे १४ बिंदूंत आणि डिसेंबर १९६२ मधील जाळे ११८ बिंदूंत उतरवले गेले. ती कंपनी तेव्हापासून कितीतरी बदलली. पण अभ्यासकांच्या संगणकात आजही तो फेब्रुवारी सरलेला नाही. ही जाळी पारेषणाची, म्हणजे दूरवर वीज वाहून नेण्याची. वितरणाच्या, गल्लीबोळांच्या जाळ्यांसाठी १९९१ साली न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठाचे विल्यम केर्स्टिंग यांनी १३, ३४, ३७ आणि १२३ बिंदूंची चार जाळी प्रसिद्ध केली. अभियंत्यांच्या 'आय-ट्रिपल-ई' या संस्थेने ती स्वीकारली. त्यांतले ३४ बिंदूंचे जाळे ॲरिझोनातील एका खऱ्या वाहिनीवरून घेतलेले आहे. ती वाहिनी फार लांब आणि तिच्यावरचा भार थोडा. ३७ बिंदूंचे कॅलिफोर्नियातले, सारे जमिनीखालून गेलेले.

नातीचे ३३ बिंदूंचे जाळे या चारांत नाही. ते १९८९ साली मेसुत बारन आणि फेलिक्स वू या बर्कलेच्या संशोधकांनी एका लेखातील उदाहरणासाठी रचले. त्याचा दाब १२.६६ किलोव्होल्ट आणि एकूण भार ३,७१५ किलोवॉट. चालू तारा ३२ आणि मिटवून ठेवलेल्या, गरज पडल्यास जोडता येतील अशा आणखी ५. या ३७ पैकी कोणत्या पाच बंद ठेवाव्या, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ३७ मधून ५ निवडण्याचे प्रकार ४,३५,८९७ होतात. त्यांतल्या ज्या रचनांत झाडाचा आकार राहील आणि एकही बिंदू अंधारात पडणार नाही, तेवढ्याच ग्राह्य. मूळ रचनेत सुमारे २०३ किलोवॉट वाया जातात आणि सर्वांत दूरच्या बिंदूवर दाब ९१ टक्क्यांवर उतरतो. आपल्या २३० व्होल्टच्या हिशेबाने तो २१० व्होल्टच्या आसपास. योग्य पाच तारा निवडल्या की हानी सुमारे १४० किलोवॉटवर येते आणि तळाचा दाब ९४ टक्क्यांच्या जवळ जातो. नवी तार नाही, नवा खांब नाही. केवळ कळ कोठे उघडावी आणि कोठे मिटावी एवढ्या विवेकाने जवळजवळ एक-तृतीयांश हानी टळते. सर दुसऱ्या टोकाला तार लावीत ती हीच युक्ती, एवढेच की येथे ती लाखो पर्यायांतून शोधायची आहे.

मला या सगळ्यात विशेष वाटले ते हे की जगभरच्या संशोधकांनी तेच ३३ बिंदू घेतले. नातीला मी म्हटले, "प्रत्येकाने आपापले जाळे का घेऊ नये?" ती म्हणाली, "मग माझी रीत चांगली की तुमची, हे कसं ठरवायचं? तुम्ही पोथ्यांच्या प्रती ताडून पाहत होता ना आजोबा, तसंच हे. ताडायला एक प्रत धरावी लागते."

तिचे म्हणणे खरे होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि पुढे त्यात कोणी ढवळाढवळ करू नये अशी विनंती केली. त्या आधी ज्ञानेश्वरी नव्हती असे नाही. पण एकाने अमुक ओवी म्हणावी आणि दुसऱ्याने ती आमच्या प्रतीत नाही म्हणावे, अशा स्थितीत चर्चा पुढे सरकत नाही. सर्वांच्या हाती एक पाठ आला म्हणजे मतभेदालाही अर्थ येतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली आणि १९६६ साली ते काम पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत त्यासाठी देह झिजवला. सिद्ध झालेला पाठ व्यासांच्या मुखातून निघालेला तंतोतंत पाठ आहे असा त्यांचा दावा नव्हता. उपलब्ध साधनांवरून पोचता येईल असा जुन्यात जुना आणि सर्वांना तपासता येईल असा पाठ द्यावा, एवढीच प्रतिज्ञा होती. कसोटीच्या जाळ्याची प्रतिज्ञा त्याहूनही लहान आहे. ते म्हणते, मी खरे नाही. पण मी सर्वांना सारखा आहे, माझी प्रत्येक तार उघड्यावर मांडलेली आहे आणि तुम्ही काढलेले उत्तर दुसरा कोणीही पडताळून पाहू शकतो. ज्ञानव्यवहारात या प्रामाणिकपणाचे मोल फार मोठे आहे.

येथवर मी या जाळ्यांची स्तुती केली. आता दुसरी बाजू मांडतो आणि त्यासाठी आपणा सर्वांना वेधशाळेत घेऊन जातो.

सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात क्षिप्रेच्या काठी बांधलेली वेधशाळा पुढे मोडकळीस आली होती. १९२३ साली ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामाशी गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांचे नाव निगडित आहे. ते तिचे पहिले अधीक्षक होते. तेथील सम्राट यंत्राची सावली पाहून तुम्ही आपले मनगटी घड्याळ पाहिलेत तर दोन्ही जुळणार नाहीत. यंत्र उज्जैनची वेळ सांगते, घड्याळ ८२.५ अंश रेखांशाची. आपण सुमारे ७५.८ अंशांवर. अंशाला चार मिनिटे धरली तर अंतर सुमारे २७ मिनिटांचे आणि सूर्याच्या गतीमुळे त्यात दिवसागणिक थोडा फरक. यंत्र खोटे नाही आणि घड्याळही खोटे नाही. म्हणून तेथे दोहोंतील फरकाचा तक्ता लावलेला असतो. देशाचा व्यवहार चालायला प्रमाणवेळ हवीच. पण तो तक्ता काढून टाकला, तर आपल्या डोक्यावरचा सूर्यच चुकला असे मानण्याची पाळी येईल.

ज्या नगरीवरून प्राचीन ज्योतिष्यांनी मध्यरेषा नेली आणि इतरांनी आपापल्या गावाचे देशांतर जिच्यापासून मोजले, त्या नगरीला हे वेगळे सांगायला नको. एके काळी प्रमाण येथे होते आणि फरकाचा तक्ता इतरांना ठेवावा लागे. आज प्रमाण दुसरीकडे आहे आणि तक्ता आपण ठेवायचा आहे. वितरणाच्या जाळ्यांच्या बाबतीत तो आपण पुरेसा ठेवलेला नाही, हे माझे आजचे मुख्य म्हणणे.

कोणता फरक? पहिला रचनेचा. अमेरिकन जाळ्यात उच्चदाबाची तार घरांच्या अगदी जवळ येते, दोन-चार घरांना एक लहान एककला रोहित्र असते आणि तेथून तार थोडीच जाते. आपल्याकडे १०० किंवा २०० केव्हीएचे त्रिकला रोहित्र एखाद्या वस्तीला असते आणि पुढे लघुदाबाच्या तारा दूरवर धावतात. म्हणजे त्यांच्या जाळ्याचा नकाशा जेथे संपतो, तेथे आपले दुखणे सुरू होते. २०१५ साली युरोपीय धाटणीचे, ५० हर्ट्झचे, ९०६ बिंदूंचे लघुदाबाचे जाळे प्रसिद्ध झाले तेव्हा ही उणीव थोडी भरली. पण त्यातल्या तारा आणि घरेही आपली नव्हेत.

दुसरा फरक भाराचा. ३३ बिंदूंच्या त्या गावात संध्याकाळ होत नाही. पंचविसाव्या बिंदूवर ४२० किलोवॉट लिहिले आहेत आणि ते कायम ४२०च असतात. आपल्या माळव्यात रब्बीचा हंगाम आला की गव्हाला पाणी देण्यासाठी वाहिनीवरचे पंप लागतात. शेतीच्या वाहिन्यांना ठराविक तासच वीज मिळते आणि तीही कधी रात्री. शेतकऱ्याने रात्री उठून थंडीत विहिरीवर का जावे? म्हणून तो पंपाला ऑटोस्टार्टर लावतो. वीज येताच पंप आपोआप सुरू. एकाने लावला ते शहाणपण. पण सगळ्यांनी लावला की वीज येताक्षणी वाहिनीवरचे सगळे पंप एकदम उठू पाहतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. दाब कोसळतो. कोसळलेल्या दाबावर तेच पाणी उचलायचे म्हणून मोटर आणखी प्रवाह मागते, गुंडाळी तापते आणि जळते. कधी रोहित्रच जाते. मग ऐन हंगामात बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर काढून रोहित्र बदलून आणण्याची धावपळ. शेवटच्या दिव्याचा काय अपराध, हा सरांचा प्रश्न तेव्हा शेवटच्या विहिरीवरचा शेतकरी विचारत असतो. हा ऑटोस्टार्टर मी सांगितलेल्या कोणत्याही जाळ्यात नाही.

तिसरा फरक नव्या काळाचा. १९९१ च्या जाळ्यांत वीज एकाच दिशेने, बुंध्याकडून शेंड्याकडे जाते. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली. शेतीच्या वाहिन्यांना उपकेंद्राजवळच उभारलेल्या सौरप्रकल्पातून दिवसा वीज द्यावी अशी ती कल्पना आणि तिचा आरंभ राळेगणसिद्धीला झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून शहरांतील छतांवरही पट्ट्या दिसू लागल्या आहेत. दुपारी बारा वाजता शेंडा बुंध्याला वीज देऊ लागला, तर झाडाच्या गणितावर आधारलेले सारे अंदाज पुन्हा मांडावे लागतात.

चौथा फरक केवळ आपला, उज्जैनचा. २०१६ सालचा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे या काळात भरला. क्षिप्रेकाठच्या मोकळ्या भूमीवर एका महिन्यासाठी एक नगर वसले आणि महिन्याने ते उठले. तंबू, घाट, रस्ते, पाण्याचे पंप, दवाखाने या सर्वांना वीज हवी, तीही उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात आणि शाहीस्नानाच्या दिवशी क्षणभरही न खंडता. अशा पाहुण्या भाराचे जाळे आखण्याचा अनुभव जगात फार थोड्या शहरांना असेल. तो अनुभव २००४ साली आपल्याकडे होता, २०१६ साली होता आणि २०२८ च्या सिंहस्थाच्या वेळी पुन्हा लागणार आहे. पण तो जाणत्या अभियंत्यांच्या आणि लाइनमन मंडळींच्या स्मरणात आहे. कोणाही विद्यार्थ्याला उघडून पाहता येईल आणि आपली रीत चालवून पाहता येईल, असा 'सिंहस्थ जाळे' नावाचा तक्ता माझ्या नातीला सापडला नाही.

माझ्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून सांगतो, दोष त्या जाळ्यांचा नाही. ती करणाऱ्यांनी त्यांची मर्यादा कधी लपवली नाही. २०१८ साली त्याच कार्यगटातील तज्ज्ञांनी लेख लिहून प्रत्येक जाळे कशासाठी रचले गेले आणि कशासाठी वापरू नये हे समजावून सांगितले. १९९१ ची जाळी मुख्यतः संगणकातील गणिताची रीत बरोबर उत्तर देते की नाही हे पाहण्यासाठी होती. त्यांवरून एखाद्या गावाचे भवितव्य ठरवावे असे कोणी म्हटले नव्हते. चूक वाचकाची आहे. पाठाची प्रस्तावना न वाचता पाठ मुखोद्गत करणाऱ्याची जी चूक, तीच ही. एखादा विद्यार्थी ३३ बिंदूंवर हानी ३१ टक्के घटवून दाखवतो, त्याला पदवी मिळते, हे योग्यच आहे. पण त्याच संध्याकाळी तो घरी परततो आणि त्याच्या गल्लीतला पंखा मंदावलेला असतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे असे त्याला वाटेनासे झाले, तर मात्र शिक्षणाने काही गमावले असे मी म्हणेन.

यावर उपाय काय? प्रमाण जाळे टाकून देणे हा नव्हे. तसे केले तर आपण जगाशी बोलूच शकणार नाही. उपाय चिकित्सित आवृत्तीच्या प्रत्येक पृष्ठावर छापलेला आहे. वर स्वीकृत पाठ आणि खाली पाठभेद. काश्मीरची प्रत काय म्हणते, दक्षिणेची काय म्हणते, हे सारे तळाशी नोंदलेले. सुखटणकरांनी कोणाही प्रांताच्या प्रतीला खोटे म्हटले नाही. तिला पृष्ठावर जागा दिली. आपल्या वाहिन्यांनाही त्या पृष्ठावर जागा मिळवून द्यायची आहे.

म्हणून या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे मी एक सूचना ठेवतो. आपल्यापैकी कितीतरी जण वीज मंडळात होते, आज पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीत आहेत, कित्येक जण १९६६ पासून चालत आलेल्या आपल्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले वा शिकवतात. आपण तीन वाहिन्या निवडाव्या. एक जुन्या शहराची, अरुंद गल्ल्यांतली. एक शेतीची, माळव्यातल्या काळ्या मातीतून जाणारी. आणि एक सिंहस्थाच्या मेळाक्षेत्राची. वितरण कंपनीची रीतसर परवानगी घ्यावी. मग प्रत्येक वाहिनीच्या कोणत्या दोन खांबांमध्ये किती अंतर, तार वीझल की रॅबिट, रोहित्र ६३ केव्हीएचे की १०० चे, शेवटच्या बिंदूला दर तासाला दाब किती, हे वर्षभर नोंदवावे. ग्राहकांची नावे, पत्ते, ठिकाणे पूर्ण वगळावी. वाहिनीची ओळखही पुसावी. घराघराचे खासगीपण आणि जाळ्याची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी सांभाळल्याच पाहिजेत. टेक्सासमध्ये विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कारणाने खऱ्या जाळ्याऐवजी त्याच्या स्वभावाचे २,००० बिंदूंचे कृत्रिम जाळे रचून सर्वांसाठी खुले केले. ती वाटही आपल्याला मोकळी आहे. आणि हे सारे मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील टिपणांसह खुले करावे.

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. चिकाटीचे मात्र आहे. शाळेतील मुलेही त्यात भाग घेऊ शकतात. आपल्या घरच्या दाबाची सकाळ-दुपार-संध्याकाळची नोंद सुरक्षित मापकावर, मोठ्यांच्या देखरेखीखाली ठेवणे ही नववीच्या मुलाला जमणारी गोष्ट आहे. त्या नोंदी वर्षाने एकत्र केल्या की आपल्या गल्लीचा स्वभाव कागदावर उतरेल. मग कोणी पुण्याचा, कोणी मद्रासचा, कोणी बर्कलेचा विद्यार्थी आपली नवी रीत 'उज्जैन जाळ्या'वर चालवून पाहील आणि ती येथे फसली तर तसे लिहील. आपल्या शेवटच्या विहिरीचा प्रश्न अशा रीतीने जगाचा प्रश्न होईल. प्रश्न जगाचा झाला की त्याचे उत्तर शोधणारे हातही वाढतात.

सरांची ती पाटी आज प्रयोगशाळेत नाही. मागच्या आठवड्यात येथे आलो तेव्हा मी चौकशी केली. नव्या इमारतीत सामान हलवताना ती कोठे गेली हे कोणाला सांगता आले नाही. तशी पाटी पुन्हा करून घेण्याचा खर्च माझ्याकडून स्वीकारावा अशी विनंती मी मुख्याध्यापिकाबाईंना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. नव्या पाटीत एकच भर घालावी असे सुचवतो. दहाव्या दिव्याजवळ एक छोटी वही बांधून ठेवावी आणि जो विद्यार्थी प्रयोग करील त्याने पाटीवरचा शेवटचा दाब आणि आपल्या घरचा त्या संध्याकाळचा दाब, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. ही पाटी म्हणजे उज्जैन नव्हे, हे सर आम्हाला दर वेळी बजावीत. ते बजावण्याचे काम यापुढे त्या वहीने करावे.

 सरांच्या स्मृतीला वंदन करून माझे भाषण पुरे करतो.